जिथं फुली तिथं सही

त्या सिस्टर आणि त्यांच्या हातातला तो दोन पानी कागद मी अजून विसरलेलो नाही. आठवलं की आधी माझी मलाच लाज वाटते, आणि मग त्यांचे उपकार आठवतात. इतक्या वर्षांत या क्रमात फरक पडलेला नाही, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

मी मूळचा अर्धापूरचा, केळीच्या बागांत वाढलेला माणूस. नोकरी बहुतेक नांदेड-लातूर पट्ट्यात झाली आणि निवृत्तीनंतर नांदेडातच राहिलो. ही गोष्ट नोकरीच्या अगदी शेवटच्या टप्प्यातली. लातूर भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. ज्यांचं त्यांना कळेल.

श्रावणातला पहिला सोमवार होता. सकाळची हजेरी उरकून मी बंदोबस्ताचे हुकूम लिहीत होतो. महादेवाच्या देवळांपुढं गर्दी होणार होती आणि माझ्याकडं माणसं कमी. अशा वेळी माझं डोकं तापलेलं असायचं. खरं सांगायचं तर ते एरवीही तापलेलंच असायचं. घरी बायको म्हणायची, तुमच्या टाळूवर भाकरी भाजून निघेल.

तेवढ्यात ठाणे अंमलदारानं एका बाईंना आत पाठवलं. वय चाळिशीचं, खांद्याला पिशवी, मनगटावर घड्याळ आतल्या बाजूनं बांधलेलं. चाकूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात त्या सिस्टर होत्या.

"साहेब, माझ्या नावानं कुणीतरी सहा ठिकाणी कर्ज मागितलंय."

मी सरळ बसलो. "किती गेले?"

"काय किती?"

"पैसे हो! खात्यातून किती गेले?"

"एक रुपया न्हाई गेला."

"मग कर्ज कुणी उचललं?"

"कुणीच न्हाई उचललं. नुसतं मागितलंय."

मी पेन खाली ठेवलं. "बाई, कुणीतरी मागितलं, कुणी दिलं नाही, तुमचं काही गेलं नाही. मग यात गुन्हा कुठं आला? मला सोमवारचा बंदोबस्त हाय."

त्या चिडल्या नाहीत. तो कागद त्यांनी माझ्यापुढं सरकवला आणि एखाद्या नव्या पोरीला काम समजवावं तसं समजावून सांगितलं. तो त्यांचा क्रेडिट रिपोर्ट होता. माणसानं कर्ज किंवा कार्ड मागितलं की ती बँक त्याचा रिपोर्ट काढून बघते, आणि बघितल्याची नोंद त्याच रिपोर्टात पडते. एखादी नोंद असली तर कुणाला काही वाटत नाही. पण महिन्याभरात सात दिसल्या की पुढच्या बँकेला वाटतं, या माणसाला पैशाची लई नड लागलेली आहे, सगळी दारं वाजवून आलेला दिसतो. मग स्कोअर खाली येतो आणि फाईल बाजूला पडते.

सिस्टरांनी अर्ज एकच केला होता, एका क्रेडिट कार्डाचा. त्यांच्या दवाखान्याच्या आवारात एका एजन्सीनं बॅनर लावून टेबल मांडलं होतं, तिथं. रिपोर्टात मात्र सात नोंदी होत्या. बाकीच्या सहा कंपन्यांची नावंसुद्धा त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"ऑनलाइन तक्रार केली मी," त्या म्हणाल्या. "रिपोर्टवाल्यांनी त्या सहा कंपन्यांना विचारलं. कंपन्या म्हणाल्या, ग्राहकाची संमती हाय. झाली तक्रार बंद. आता बँकेचे साहेब म्हणतात सहा महिन्यांनी या."

"मग या की सहा महिन्यांनी."

"सहा महिन्यांनी ते घर राहणार न्हाई, साहेब."

आणि मग त्यांनी घराचं सांगितलं. चाकुरात एका किराणा दुकानदाराचं जुनं, छोटं, पण पक्कं घर होतं. दुकानदार शिवभक्त, कपाळाला विभूती, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. श्रावण संपला, पोळा झाला की ते कायमचे मुलाकडं पुण्याला जाणार होते. घर त्यांनी सिस्टरांना द्यायचं कबूल केलं होतं, पण पोळ्यापर्यंतच. दुसरं गिऱ्हाईक रोख घेऊन तयार होतं.

"दुसरं घर बघा. चाकुरात घरांना काय तोटा हाय?" मी म्हणालो.

"दुसरं न्हाई चालत. ते घर बांधलं तेव्हा माझ्या सासूबाई तिथं रोजंदारीवर होत्या. माझ्या नवऱ्याला पाठीशी बांधून त्यांनी त्या घराच्या इटा वाहिल्यात. जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिल्या. माझे मालक वारल्यापासून आम्ही दोघीच आहोत. आता त्यांचं वय झालंय, पण रोज संध्याकाळी त्या रस्त्यानं जातात आणि घराकडं बघून येतात."

आता हे ऐकूनही मी काय करावं? मी म्हणालो, "अर्ज द्या, आवक नंबर घ्या, चौकशी करू." पोलीस खात्यात हे वाक्य कशासाठी वापरतात ते वाचकांना सांगायला नको.

सिस्टर उठल्या, पण दारात थांबल्या. "साहेब, बाई पोटात दुखतंय म्हणून आली आणि रक्त दिसत नसलं, तर आम्ही तिला घरी जा म्हणत न्हाई. आधी तपासतो."

एवढं बोलून त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. मला भयंकर राग आला. तो त्यांचा आला की स्वतःचा, हे त्या वेळी मी तपासलं नाही.

आमच्या ठाण्यात सायबरचं एक टेबल होतं आणि त्यावर एक हवालदार बाई. उदगीरकडच्या. बोलणं कमी, कान तिखट. त्यांनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. आत येऊन त्या हळूच म्हणाल्या, "सर, तुम्ही पण कार्डाचा फॉर्म भरला होता की. मागच्या महिन्यात, आपल्याच आवारात टेबल लावलं होतं ते."

"मग?"

"बॅनर तोच होता. सिस्टरांनी आत्ता बाहेर मला फोटो दाखवला."

"माझा काय संबंध त्याच्याशी?"

"काही न्हाई सर. तुमचा रिपोर्ट काढून बघू का, एवढंच म्हणून राहिले."

बघ म्हटलं, एकदाची भानगड मिटू दे. माझ्या मोबाईलवरून त्यांनी दहा मिनिटांत रिपोर्ट काढला आणि माझ्यापुढं धरला. माझ्या नावावर नऊ नोंदी होत्या. मी अर्ज एकच केला होता. त्यातली एक कंपनी तर ट्रॅक्टरला कर्ज देणारी होती! बत्तीस वर्षं खाकी घातलेला माणूस मी, आणि माझ्या नावानं कुणीतरी ट्रॅक्टर मागून आला होता.

मी बाहेर गेलो. सिस्टर बाकावर बसून पिशवीतला डबा उघडत होत्या. म्हणालो, "सिस्टर, चुकलं माझं. आत या. डबा पण आतच खा." एवढं सरळ मी ठाण्यात आजवर कुणाची माफी मागितली नव्हती. आमचा रायटर, म्हणजे ठाण्याचं सगळं लिखाण करणारा अंमलदार, हातातलं काम सोडून बघायला लागला.

वरिष्ठांना सगळं सांगितलं, माझं स्वतःचंही. ते आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "तपास कर. पण तुझं प्रकरण यात घालू नको, नाहीतर म्हणतील साहेबानं स्वतःसाठी ठाणं कामाला लावलं." ते बरोबरच होतं. मी सिस्टरांच्याच अर्जावर चौकशी सुरू केली आणि सहाही कंपन्यांना नोटिसा काढल्या.

आठवड्याभरात उत्तरं आली आणि आमचा सगळा जोर ओसरला. प्रत्येक कंपनीनं भरलेल्या फॉर्मची प्रत पाठवली होती. साधे कागदी फॉर्म, त्यामुळं मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीचीही गरज पडली नव्हती. त्यावर सिस्टरांचा फोटो, कागदपत्रं आणि खाली सही. शेजारी एजंटाचा दाखला, 'ग्राहकाने माझ्यासमोर सही केली.'

सिस्टरांना बोलावलं. त्यांनी सहाही कागद टेबलावर मांडले, चष्मा लावून बघितले, आणि त्यांचा चेहराच पडला.

"सही माझीच हाय," त्या म्हणाल्या.

"नीट बघा."

"नीटच बघितलं, साहेब. माझीच हाय. त्या दिवशी लसीकरण होतं, ओळ लागली होती. त्यानं गठ्ठाच पुढं केला. म्हणाला, सिस्टर तुम्ही फक्त फुलीवर सही करा, बाकीचं मी भरतो. पेन्सिलीनं बारीक फुल्या मारलेल्या होत्या. मी उभ्या उभ्या करत गेले. वाचलं न्हाई. पंधरा केल्या का वीस, ते पण मोजलं न्हाई."

हवालदार बाईंनी एक प्रत उजेडात धरली. सहीच्या डोक्यावर पेन्सिलीची फिकट फुली दिसत होती. मग डाव लक्षात आला. वरचा एक फॉर्म कार्डाचा, खाली दुमडून ठेवलेले बाकीच्या कंपन्यांचे, आणि दिसायला फक्त सहीच्या जागा.

सिस्टर पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "सासूबाईंना काय सांगू? दुसऱ्या कुणी फसवलं म्हणता आलं असतं. हे तर मी माझ्या हातानं केलं."

मीही तसंच केलं होतं. आवारातल्या टेबलापाशी, फोन कानाला लावून, जिथं फुली तिथं सही.

पण खरी गोम तर पुढंच होती. ही सवय मला लागली कुठून? ठाण्यातूनच. पंचनाम्याला पंच बोलावले की रायटर कागदावर बोट ठेवतो आणि म्हणतो, इथं सही. पंच करतो. फिर्यादी जबाबावर करतो, आरोपी अटकेच्या कागदावर करतो. बोटाखाली सही करायची हे मी हजारो लोकांना शिकवलं होतं. त्या एजंटानं बोटाऐवजी फुली ठेवली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी वकिलांकडं गेलो. मला वाटलं, सही खरी म्हणजे प्रकरण संपलं. वकील पान चघळत होते. म्हणाले, "सही खरी असली तरी कागद खोटा असू शकतो, इन्स्पेक्टर. कोऱ्या कागदावर सही घेऊन नंतर त्यावर मालकाला न विचारता काही लिहिलं, तर तो बनावट दस्तच. पण नंतर लिहिलं, हे दाखवा मला."

परत येऊन आम्ही तिघं पुन्हा त्या कागदांपुढं बसलो. या वेळी सिस्टरच म्हणाल्या, "तारखा वाचा. प्रत्येक फॉर्मवर तारीख, वेळ आणि गाव हाय." सहीखाली एजंटानं ते भरलं होतं, कारण कंपन्यांना ते लागतं. एका फॉर्मवर चाकूर होतं, दोनांवर लातूर, तीनांवर निलंगा. तारखा वेगवेगळ्या.

सिस्टरांनी पिशवीतून एक वही काढली. ड्युटीची स्वतःची वही. बाळंतपणाच्या वॉर्डात प्रत्येक गोष्टीची वेळ लिहावी लागते. कळा कधी सुरू झाल्या, सलाईन कधी लावलं, बाळ किती वाजता रडलं. वीस वर्षं हे करून त्यांना वेळ लिहायची सवयच जडली होती. त्यांनी निलंग्याची पहिली तारीख काढली आणि बोट ठेवलं. "या दिवशी दुपारी मी निलंग्यात सही केली म्हणतोय हा. या दिवशी दुपारी मी बाळंतपणाच्या टेबलापाशी होते. पायाळू बाळ होतं. दीड तास झगडले मी. वेळ बघा."

वेळ तीच होती. एजंटाच्या दाखल्याप्रमाणं ज्या वेळी सिस्टर निलंग्यात त्याच्यासमोर सही करत होत्या, त्याच वेळी त्यांच्या हातात एक मुलगी जन्माला येत होती.

हवालदार बाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "धरलं की हो सिस्टर!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज मी एवढा मोठा ऐकला.

वहीवर भागत नाही, म्हणून दवाखान्याच्या प्रमुखांना पत्र देऊन प्रसूती रजिस्टरची साक्षांकित प्रत मागवली. सहापैकी चार तारखांना सिस्टर ड्युटीवर, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांच्या अक्षरात वेळ. सरकारी वकिलांनी ती प्रत बघितली आणि पान थुंकायला उठले. म्हणाले, "नोंदवा गुन्हा." त्याच दुपारी गुन्हा नोंद झाला.

आता एजंट हवा होता. एजन्सीच्या पत्त्यावर कुलूप, फोन बंद. आमच्या खबऱ्यांना असल्या गोष्टीतलं काही कळत नव्हतं. शेवटी खबर आली ती सिस्टरांच्याच मैत्रिणींकडून. जिल्ह्यातल्या सगळ्या सिस्टरांचा मोबाईलवर एक गट होता. सिस्टरांनी त्यावर बॅनरचा फोटो टाकून ठेवला होता. चौथ्या दिवशी सकाळी निलंग्याहून एकीनं कळवलं, तोच बॅनर आज इथं एसटी स्टँडजवळ लागलाय. मी आणि हवालदार बाई तासा-दीड तासात तिथं होतो. तो टेबलाशी बसून एका कंडक्टरला म्हणत होता, "मामा, फक्त फुलीवर."

पस्तिशीतला माणूस, भांग व्यवस्थित पाडलेला. ठाण्यात आल्यावरही त्याच्या चेहऱ्यावर घाम नव्हता.

"साहेब, म्या कुणाचा एक रुपया खाल्ला न्हाई," तो म्हणाला. "खोटं सापडलं तर फासावर चढवा."

"मग त्या बाईंचे फॉर्म सहा ठिकाणी का दिलेस?"

"एका ठिकाणी न्हाई मिळालं तर दुसऱ्या ठिकाणी मिळंल, म्हणून. भलं करून राहिलो मी लोकायचं. अन् ती नुसती विचारणा असती साहेब. विचारणं हा गुन्हा हाय का?"

ते वाक्य ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण पहिल्या दिवशी मीही हेच म्हणालो होतो. मी खुर्चीतून उठलो. हवालदार बाईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मी परत बसलो. त्यांनी चहा मागवला. त्याला दिला. मग त्याच्या घरची चौकशी सुरू केली, लग्नात पाहुणी भेटावी तशी. गावाकडं कोण असतं, घर बांधलं का. तो खुलला. म्हणाला, प्लॉट घेतलाय, पुढच्या वर्षी कर्ज काढून घर बांधणार.

"मग तुझी फाईल किती ठिकाणी दिलीस?" बाईंनी विचारलं.

"माझी? माझी कशाला देऊ?"

"एका ठिकाणी न्हाई मिळालं तर दुसऱ्या ठिकाणी मिळंल की."

"छे छे, बाई! लई ठिकाणी टाकली तर रिपोर्ट खराब होतो की. मग बँक दारात उभं करत न्हाई. मी माझी एकाच ठि..."

तो तिथंच थांबला. हातातली बशी त्यानं टेबलावर ठेवली. त्याला कळलं, आम्हाला कळलं, आणि दारात उभ्या असलेल्या अंमलदारालासुद्धा कळलं.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," मी म्हणालो.

त्यानं मान खाली घातली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कंपनीला फॉर्म गेला की त्याला कमिशन मिळायचं, कर्ज मंजूर होवो न होवो. महिन्याचं टार्गेट असायचं. एका माणसाच्या सह्या घेतल्या की तो पुढचे दोन महिने सवडीनं फॉर्म भरत बसायचा. पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण त्यानं सांगितलेल्या जागी वस्तू सापडली तर ती टिकते. निलंग्यातल्या त्याच्या भाड्याच्या खोलीत एक बॅग सापडली. तिच्यात सह्या केलेले कोरे फॉर्म होते. मास्तर, कंडक्टर, तलाठी, शिपाई, आमचे निम्मे अंमलदार. आणि माझेही चार.

जप्तीचा पंचनामा लिहून झाला. पंच म्हणून शेजारचे दोन भले गृहस्थ आले होते. त्यातल्या एकानं पेन उघडून विचारलं, "कुठं करू सही, साहेब?" मी कागद हातात घेतला आणि बघतो तर काय, आमच्या रायटरनं सहीच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवलेल्या! मला हसावं का रडावं कळेना. म्हटलं, "आधी बसा. वाचून दाखवतो." सगळा पंचनामा मी स्वतः वाचला. त्या गृहस्थांनी दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या. दोन्ही बरोबर होत्या.

गुन्ह्याची प्रत आणि रजिस्टरची प्रत जोडून आम्ही कंपन्यांना आणि रिपोर्टवाल्यांना पुन्हा पत्रं दिली. इकडं पोळा जवळ येत चालला. आप्पांचा मला फोन आला. मला वाटलं, सौदा मोडला म्हणून सांगतील. ते म्हणाले, "साहेब, गिऱ्हाईक रोज दुकानात येऊन बसून राहिलंय. पण मी महादेवापुढं श्रावणभर शब्द दिलाय. पोळ्यापर्यंत मी कुणाचं ऐकत न्हाई. तुम्ही तेवढं घाई करा." त्या माणसाबद्दल मला तेव्हा किती आदर वाटला, काय सांगू!

पोळ्याच्या पाच दिवस आधी सहाही नोंदी निघाल्या. सातवी राहिली. रिपोर्टवाल्यांनी विचारलं होतं, तीही काढायची का? सिस्टर म्हणाल्या, "ती माझीच हाय. राहू द्या." बँकेनं दुसऱ्याच दिवशी फाईल घेतली आणि कर्ज मंजूर झालं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खरेदीखत होतं. ओळख पटवायला साक्षीदार लागतात, म्हणून सिस्टरांनी मला बोलावलं. मी साध्या कपड्यांत गेलो. निबंधक कचेरीच्या व्हरांड्यात आप्पा बसले होते, शेजारी सिस्टर, आणि त्यांच्या सासूबाई. कृश म्हातारी, पांढरं लुगडं, गुडघ्यावर हात.

"जय भीम, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमीच का ते? लई उपकार झाले."

"माझे नाहीत, मावशी. सुनेचे आहेत."

दस्त लिहिणाऱ्यानं कागदांचा गठ्ठा पुढं केला. "साहेब, तुमची सही इथं आणि इथं." तेवढ्यात ठाण्यातून फोन आला. मी फोन कानाला लावून दोन ठिकाणी सह्या केल्या. घर सून आणि सासू दोघींच्या नावावर होणार होतं. त्यानं शाईचा पॅड पुढं सरकवला आणि म्हातारीचा अंगठा धरला.

म्हातारीनं हात मागं ओढला. "आदी वाचून दाखव."

"अहो मावशी, साहेबांनी सही केलीय की. पोलीस हायत ते. वाचलं असंल त्यांनी."

म्हातारीनं माझ्याकडं वळून विचारलं, "वाचलं का, साहेब?"

फोन अजून माझ्या कानाला होता. मी तो बंद केला. सिस्टर दुसरीकडं बघायला लागल्या, माझी लाज राखायला. "नाही, मावशी," मी म्हणालो.

"मग बसा. दोघं मिळून आइकू."

मी तिच्या शेजारी बाकावर बसलो. दस्तवाल्यानं नाइलाजानं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. चारी बाजूंच्या हद्दी आल्या, पूर्वेला रस्ता, दक्षिणेला अमुक यांचं घर. तिनं डोळे उघडले.

"मागची बोळ कुटं हाय यात?"

"बोळ?"

"घरामागची. आमी इटा त्याच बोळीतून वाहिल्या. पुढून गाडी येत नव्हती. बोळ घराचीच हाय, इचारा आप्पाला."

आप्पांनी कपाळावर हात मारला, विभूती बोटांना लागली. "खरंच की! बोळ माझीच हाय. ती राहून गेली. बाई, तुला एवढ्या वर्षांनी ध्यानात हाय?"

"डोक्यावर इटा असल्या की वाट ध्यानात राहती, आप्पा," म्हातारी म्हणाली.

दस्त नव्यानं छापून आला. पुन्हा पहिल्यापासून वाचला गेला, बोळीसकट. म्हातारीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग स्वतः पुढं होऊन अंगठा टेकवला. मग मी सही केली. त्या कागदावरही पेन्सिलीची फुली होतीच. मी रबर मागून घेतला आणि सही करण्याआधी ती खोडली.

बत्तीस वर्षांत मी किती कागदांवर सह्या केल्या असतील, त्याची गणती नाही. त्यातल्या बहुतेक मला आठवत नाहीत. ही एक आठवते. ज्या बाईला मी पहिल्या दिवशी सहा महिन्यांनी या म्हणालो होतो, तिनं मला माझं काम शिकवलं, आणि जिला सही येत नव्हती तिनं सही करायला शिकवलं. दोघींचा मी ऋणी आहे. आजही नांदेडात कुणी कागद पुढं करून म्हणालं, काका, इथं करा, तर मी आधी खुर्ची ओढून घेतो आणि म्हणतो, बसा, दोघं मिळून ऐकू.